सांध्याला विचारून पडणारा सिग्नल

दिवाळीच्या किल्ल्यात मावळा बुरुजाहून उंच असला तरी कुणी हरकत घेत नाही. हळिवाच्या रानात वाघ थेट महादरवाज्याशेजारी बसलेला असतो, पायथ्याची बैलजोडी आणि गडावरचे महाराज एकमेकांच्या मापात नसतात, तरीही किल्ला किल्लाच वाटतो. कारण किल्ला हलत नाही. त्यात कुणाला कुठे जायचं नसतं, कुणी कुणाच्या आड येत नाही. रेल्वेच्या प्रतिकृतीला ही सवलत मिळत नाही. एकाच रुळावर दोन गाड्या सोडल्या की पहिल्या मिनिटाला प्रश्न उभा राहतो: आधी कोण जाणार, आणि ते कोण ठरवणार? खऱ्या रेल्वेनं या प्रश्नाचं उत्तर सिग्नलमध्ये साठवलं आहे. घरच्या मांडणीत मात्र सिग्नल बहुधा सगळ्यात शेवटी येतो. झाडं लावून झाली, फलाटावर हमाल उभा केला, बोगद्याला रंग दिला, की उरलेल्या जागेत शोभेला एक खांब रोवायचा. हा क्रम उलटा आहे, असं या लेखाचं म्हणणं आहे. मांडणीची आखणी सिग्नलपासून सुरू व्हावी. आणि ‘चालता सिग्नल’ हे नाव दिवा लागतो किंवा हात हलतो एवढ्यावर देऊ नये. तो सांध्याला, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या जागेला, आणि रुळाला विचारल्याशिवाय पडत नसेल, तरच द्यावं.

‘पडतो’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. सिग्नल पडला म्हणजे गाडीला वाट मिळाली, ही आपल्याकडची जुनी बोली. तिचं मूळ खांबावरच्या लाकडी किंवा पत्र्याच्या हातात आहे. हात आडवा असेल तर थांबा. खाली झुकला तर या. केबिनमधल्या माणसानं लिव्हर ओढली की शेकडो मीटर लांब तार ताणली जायची आणि हात खाली यायचा. तार तुटली तर? खांबावरचं वजन हाताला पुन्हा आडवं करायचं. म्हणजे बिघाड झाला तर गाडी थांबायची, सुटायची नाही. पुढे हात वर जाणारे सिग्नल आले, त्यात हाताचं स्वतःचं वजनच त्याला धोक्याच्या स्थितीत आणतं. रात्रीची सोय त्याहून देखणी होती. दिवा एकच, रॉकेलचा, आणि त्याच्यापुढे हाताबरोबर सरकणाऱ्या दोन काचा: एक लाल, दुसरी हिरवी. ही दुसरी काच दिवसा हातात घेऊन पाहिली तर निळसर दिसते. ज्योत पिवळी असते, तिच्यावर निळसर काच आली की ड्रायव्हरला हिरवा दिसतो. मॉडेलमध्ये हिरवा एलईडी बसवणाऱ्याचा दिवा म्हणूनच औषधाच्या दुकानाच्या पाटीसारखा दिसतो. पिवळसर पांढरा एलईडी घेऊन पुढे निळसर फिल्मचा तुकडा लावला, आणि विजेला मोठा रेझिस्टर घालून उजेड मंद केला, तर तोच खांब जिवंत होतो. पण जिवंत दिसणं ही पहिलीच पायरी.

सिग्नल आणि सांधा यांची गाठ बांधण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडच्या जॉन सॅक्सबी यांनी १८५६ साली सांधे आणि सिग्नल एकत्र हलवण्याच्या यंत्रणेचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढे इंटरलॉकिंगची पद्धत उभी राहिली. तिचा अर्थ असा: सांधा ज्या रुळाला लागलेला नाही त्या रुळाचा सिग्नल पडूच शकणार नाही, कारण लिव्हरच अडेल. माणसाच्या स्मरणशक्तीवर सोडलेली गोष्ट लोखंडाच्या पट्ट्यांवर सोपवली गेली. बिघाडात लाल दिसलाच पाहिजे हा दुसरा धडा १८७६ च्या जानेवारीत इंग्लंडमधल्याच अ‍ॅबट्स रिप्टनला मिळाला. तिथे बर्फानं सिग्नलचे हात ‘या’ म्हणत अडकून राहिले आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्यानंतर तिथल्या रेल्वेत सिग्नलची नेहमीची स्थिती धोक्याची ठेवण्याचा रिवाज पक्का झाला. दोन्ही धड्यांचं सार एकच आहे. सिग्नल म्हणजे एक विधान. ते खोटं ठरण्याची शक्यता असेल, तर सिग्नलनं गप्प राहावं. आणि सिग्नलचं गप्प राहणं म्हणजे लाल.

आता घरातली खोली घेऊ. १० बाय १२ फुटांची, म्हणजे लांब बाजू जेमतेम ३.६६ मीटर. सर्वांत रुळलेलं माप एचओ, म्हणजे १:८७, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. २४ एलएचबी डब्यांची एक्स्प्रेस इंजिनासकट या मापात जवळजवळ सात मीटर भरते. खोलीच्या कर्णातसुद्धा मावत नाही. ब्रॉडगेजचं बरंच तीव्र मानलं जाणारं १७५ मीटर त्रिज्येचं वळण दोन मीटर त्रिज्येचं होतं, म्हणजे पूर्ण वर्तुळ चार मीटरचं. आगाऊ सूचना देणारा डिस्टंट सिग्नल स्टेशनात शिरण्याच्या होम सिग्नलच्या एक किलोमीटर अलीकडे असेल, तर मॉडेलमध्ये तो साडेअकरा मीटरवर, शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहील. त्यातून आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे या मापात १९ मिलिमीटरच्या वर. बाजारातला रूळ जगाच्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी बनलेला. थोडक्यात, पहिल्या दिवसापासून मॉडेल अंतराच्या बाबतीत खोटं बोलतं आणि त्याला इलाज नाही. गाडी तीन डब्यांची करावी लागते, म्हणजे इंजिनासकट एक मीटरच्या आसपास. गाडी बाजूला घेण्याची लूप दीड मीटरची. वळण फर्निचरच्या मापाचं. नेमकं म्हणूनच काय कापायचं आणि काय कापायचं नाही हे ठरवणं म्हणजे आखणी. अंतर कापलं तर पाहणारा माफ करतो, जसा तो मावळ्याची उंची माफ करतो. सांधा, सिग्नल आणि रूळ यांच्यातलं नातं मात्र मापात लहान होत नाही. ते १:८७ ला तितकंच असतं जितकं १:१ ला.

हे नातं किती घट्ट आहे ते एका लहान स्टेशनावर मोजून पाहता येतं. एकेरी मार्ग, त्यावर एक मेन आणि एक लूप, दोन गाड्यांचं क्रॉसिंग होईल एवढंच स्टेशन. मध्य महाराष्ट्रात अशी कितीतरी होती. दोन टोकांना दोन सांधे. प्रत्येक टोकाला आत येण्यासाठी मेनचा आणि लूपचा असे दोन होम सिग्नल, बाहेर जाण्यासाठी मेनचा आणि लूपचा असे दोन स्टार्टर. एकूण आठ सिग्नल, दोन सांधे, दहा लिव्हर. प्रत्येक लिव्हरच्या दोन स्थिती धरल्या तर १०२४ रचना होतात. आता चार साधे नियम लावू. सिग्नल सांध्याशी जुळला पाहिजे. एका टोकाला एका वेळी एकच सिग्नल पडावा, कारण बाहेरचा रूळ एकच आहे. दोन्ही बाजूंनी एकाच वेळी गाड्या आत घेऊ नयेत. आणि एकाच रुळाचे दोन्ही टोकांचे स्टार्टर एकदम पडू नयेत. पहिल्या दोन नियमांनंतर प्रत्येक टोकाला सहा स्थिती उरतात, मिळून ३६. तिसरा नियम त्यातल्या चार काढतो, चौथा दोन. उरल्या ३०. म्हणजे दोन रुळांच्या चिमुकल्या स्टेशनातही १०२४ पैकी ९९४ रचना चुकीच्या आहेत. आणि ज्याच्या मांडणीत सिग्नलची कळ सुटी आहे, त्याच्या बोटांना त्या सगळ्या मोकळ्या आहेत. रंग, झाडं, फलाट यांच्याकडे बघून यातली एकही चूक दिसत नाही. ती दिसते फक्त कागदावर काढलेल्या तक्त्यात. म्हणूनच लाकडाला करवत लागण्याआधी हा तक्ता तयार हवा. तो करताना सांधा कुठे हवा आणि कुठे नको हेही आपोआप कळतं, कारण प्रत्येक जादा सांधा रचनांची संख्या दुप्पट करतो.

तक्ता विजेत उतरवणं दिसतं तितकं अवघड नाही. इथे एकच चूक बहुतेक जण करतात. सांधा बदलायची कळ दाबली की तीच कळ सिग्नलही हिरवा करते, अशी तार ओढली जाते. यात सिग्नल कळीवर विश्वास ठेवतो. सांध्याला कुणी विचारत नाही. सांध्याच्या पात्याखाली खडीचा एक कण अडकला, पातं अर्धवट सरकलं, मोटारीचा दांडा निसटला, तरी सिग्नल हसतमुखानं हिरवा. खऱ्या रेल्वेत पातं रुळाला टेकलं आहे का हे वेगळं तपासलं जातं. पातं आणि रूळ यांच्यात ५ मिलिमीटर जाडीची पट्टी ठेवली तर सांध्याला कुलूप लागता कामा नये, अशी चाचणी घेतात. ती फट १:८७ ला ०.०६ मिलिमीटरची होईल, पातळ कागदाएवढी. तिथवर जायची गरज नाही. पण पात्यांना जोडणाऱ्या दांडीच्या दोन्ही टोकांना एकेक मायक्रोस्विच बसवावा आणि मेनच्या होमची तार एकातून, लूपच्या होमची दुसऱ्यातून न्यावी. सांधा मेनला पोचला तरच मेनच्या सिग्नलला वीज मिळेल. मधेच अडकला तर दोघांनाही नाही. हिरव्याला वीज देणारा रिले खाली पडलेला असतो तेव्हा त्याच्या विसाव्याच्या संपर्कातून लाल पेटवावा, म्हणजे तार तुटली तरी लालच. हात हलवायला खेळण्यातल्या विमानाची नऊ ग्रॅमची सर्व्हो पुरते. आणि हात परत आडवा होताना एक-दोनदा थरथरला, तर ज्यानं खरा सिग्नल पाहिला आहे तो तिथेच थांबून बघत राहील.

हे सारं क्षुल्लक वाटत असेल, तर त्याचं उत्तर दुर्दैवानं आपल्या देशात २ जून २०२३ रोजी मिळालं. ओडिशात बहानगा बझार स्टेशनात कोरोमंडल एक्स्प्रेसला मेन लाइनचा हिरवा मिळाला होता आणि सांधा मात्र लूपला लागलेला होता. लूपवर मालगाडी उभी होती. त्या अपघातात २९०हून अधिक माणसं गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत दोष सिग्नलच्या विद्युत मंडलात केलेल्या फेरबदलांतल्या त्रुटींवर आला. फाटकाच्या अडसराच्या कामाच्या वेळी तारांची जोडणी चुकली होती. म्हणजे सॅक्सबींनी जी गाठ लोखंडात बांधली, ती तारेत सैल झाली, आणि सिग्नलनं सांध्याला न विचारता उत्तर दिलं. मॉडेलवर गाडी घसरली तर डबा उचलून रुळावर ठेवता येतो, हे खरं. पण तिथे बसणारा झटका याच जातीचा असतो. तो ज्यानं घरी एकदा घेतला आहे, त्याला बातमीतलं ‘सिग्नलचा बिघाड’ हे मोघम वाक्य पुन्हा कधी पुरेसं वाटत नाही.

‘हा तर खेळ आहे, त्यात एवढी शिस्त कशाला?’ ही पहिली हरकत इथेच येते. तिला रेल्वेनंच उत्तर देऊन ठेवलं आहे. मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्टेशनातल्या शाळेत सिग्नलमनना शिकवण्यासाठी लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेनं १९१२ साली छोट्या रुळांची पूर्ण मांडणी उभारली. तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्या माणसं तयार झाली. आता ती यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. आपल्याकडे भुसावळच्या क्षेत्रीय रेल्वे प्रशिक्षण संस्थेत गाड्या चालवण्याचे नियम शिकवायला मॉडेल रूम असते. सिग्नल अभियंत्यांसाठी सिकंदराबादला १९५७ पासून स्वतंत्र संस्था आहे. या ठिकाणी शिकवायला काय लागतं हे लक्षात घेण्यासारखं आहे. तिथे डोंगर नसतो, धबधबा नसतो, इंजिनाचा धूर नसतो. सांधे, सिग्नल आणि लिव्हर असतात, आणि त्यांची गाठ असते. ज्यांच्या हातून चूक झाली तर माणसं मरतात, त्यांनी मॉडेलमधून नेमका हाच भाग उचलला आणि बाकीचा सोडून दिला.

दुसरा पुरावा रेल्वेबाहेरचा आहे. अमेरिकेच्या एमआयटीत १९४६ साली विद्यार्थ्यांचा टेक मॉडेल रेलरोड क्लब सुरू झाला. त्यात डबे रंगवणाऱ्यांचा एक गट होता आणि टेबलाखाली टेलिफोनच्या रिलेंचं जंजाळ जोडणारा ‘सिग्नल्स अँड पॉवर’ नावाचा दुसरा. या दुसऱ्या गटातली मुलं पन्नाशीच्या दशकाअखेर विद्यापीठातल्या संगणकांकडे वळली. स्टीव्हन लेव्ही यांच्या १९८४ च्या ‘हॅकर्स’ या पुस्तकाची सुरुवात तिथूनच होते. यात योगायोग कमी आहे. त्याच संस्थेत क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली आपल्या प्रबंधात दाखवलं होतं की रिलेची जोडणी म्हणजे ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांचं तर्कशास्त्रच. लिव्हरचा तक्ता लिहिणारा माणूस नकळत तेच करत असतो: सांधा मेनला असेल आणि रूळ रिकामा असेल आणि समोरचा होम पडलेला नसेल, तरच. शाळकरी मुलाला हे वाक्य फळ्यावर लिहून दिलं तर तो जांभई देईल. तेच वाक्य तोडून त्याची गाडी घसरली, तर ते तो विसरणार नाही.

दुसरी हरकत खर्चाची आणि चिकाटीची. परदेशी इंजिनं महाग असतात, तयार सिग्नलही. त्यात रुळावर गाडी आहे की नाही हे ओळखायची यंत्रणा आली. रिकाम्या रुळाची ओळख विजेनं करण्याची युक्ती विल्यम रॉबिन्सन यांनी १८७२ साली पेटंट केली आणि मॉडेलमध्येही तीच चालते: रुळाचे तुकडे एकमेकांपासून विजेनं तोडायचे आणि कुठला तुकडा वीज खातो ते पाहायचं. इंजिन वीज खातं, डबा खात नाही. म्हणून डब्याच्या आसावर १० हजार ओहमचा बारीक रेझिस्टर चिकटवतात, तो १२ व्होल्टला १.२ मिलिअँपिअर खातो आणि यंत्रणेला तेवढं पुरतं. हे काम वेळखाऊ आहे, नाकारायचं कारण नाही. पण पैसा कुठे वाचवावा याचाच हा प्रश्न आहे. सहा इंजिनं आणि शोभेचे दहा खांब घेणाऱ्यानं दोन इंजिनं आणि खरे आठ सिग्नल घेतले, तर खर्च वाढत नाही, बहुधा उतरतो. शिवाय इंटरलॉकिंगला वीजच लागते असंही नाही. लाकडी पट्ट्या, त्यात खाचा, खाचेत अडणारे खिळे, एवढ्यावर केबिनमधल्या लिव्हरची यांत्रिक गाठ टेबलावर उभी राहते. शंभर वर्षं खऱ्या रेल्वेतही ती अशीच होती, फक्त लोखंडी.

तिसरी हरकत सगळ्यात रास्त वाटते: बघणाऱ्याला यातलं काही कळत नाही. हॅम्बुर्गच्या मिनियाटूर वुंडरलँडमध्ये २००१ पासून लोक रांगा लावतात, तिथल्या हजारावर गाड्या संगणक चालवतो. पुण्यात कोथरूडला जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात १९९८ पासून पोरं काचेला नाक लावून उभी असतात, ती गाडीसाठी. पण या उदाहरणांतून उलटाच निष्कर्ष निघतो. कुठलीही टक्कर न होता तासन्‌तास गाड्या धावतात म्हणूनच पोरांची नजर त्यांच्यावरून हलत नाही. सिग्नल नीट चालतो तेव्हा तो दिसत नाही, दिसतो तो सुरळीतपणा. लोकलनं जाणारा मुंबईकरही सिग्नलकडे बघत नाही. गाडी आऊटरला थांबली की मगच त्याला आठवतो. घरच्या मांडणीत तर बघणारा आणि चालवणारा बहुधा एकच. त्याला गोल गोल धावणाऱ्या गाडीचा कंटाळा आठवड्यात येतो. समोरून दुसरी येतेय, हिला लूपला घ्यायचं, सांधा फिरवायचा, होम पाडायचा, ती निघून गेल्यावर स्टार्टर द्यायचा, हे करणाऱ्याला तो येत नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला दुसरं स्टेशन असेल तर तिथे दुसरा माणूस लागतो, दोघांत घंटेची खूण लागते, आणि एकट्याचा छंद दोघांचा होतो.

आणि एका ठिकाणी सिग्नलविरोधकांचं म्हणणं पूर्ण मान्य करायला हवं. कुर्डूवाडी ते बार्शी ही बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली तेव्हा तिचा गेज ७६२ मिलिमीटरचा. मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेचाही तोच. एचओच्या मापात तो पावणेनऊ मिलिमीटर होतो, आणि बाजारात ९ मिलिमीटरचा तयार रूळ मिळतो. लहान खोलीसाठी मराठी मुलुखातलं याहून जुळणारं माप दुसरं नाही. पण शकुंतलेसारख्या, एकावेळी एकच गाडी असलेल्या मार्गाला सिग्नल लागतच नाही. रेल्वेच्या नियमांत ‘वन ट्रेन ओन्ली’ ही पद्धत त्यासाठीच आहे. अशा मांडणीत रंगीत दिव्यांची रांग उभी करणं हाही खोटेपणाच, दुसऱ्या बाजूचा. म्हणून नियम असा करावा: जिथे दोन गाड्यांत निवड करायची आहे तिथेच सिग्नल, आणि जिथे सिग्नल आहे तिथे त्याच्यामागे सांध्याचा आणि रुळाचा पुरावा. या कसोटीवर चार खांबांची खरी मांडणी चाळीस दिव्यांच्या देखण्या मांडणीपेक्षा वरची ठरते.

या सुट्टीत कुणाला रेल्वे मांडायची असेल, तर दुकानात जाण्याआधी एक आलेखाचा कागद घ्यावा. त्यावर दोन रूळ, दोन सांधे आणि आठ सिग्नल काढावेत, आणि प्रत्येक सिग्नलसमोर तो पडण्याआधी काय काय खरं असायला हवं ते लिहावं. तो तक्ता पुरा झाला की मग करवत, मग रूळ, मग इंजिन. झाडं सगळ्यात शेवटी.